कंत्राट घेतले, हिशेबाचे काय? छोट्या ठेकेदारांसाठी सॉफ्टवेअरची ओळख

विलेपार्ल्यात जुन्या सोसायट्यांची दुरुस्ती, रंगकाम, वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग अशी कामे सतत निघत असतात. आधी दुसऱ्याच्या हाताखाली राबलेले आपले काही तरुण आता अशी कामे स्वतःच्या नावावर घेतात. काम चोख करतात, पण हिशेब मात्र खिशातल्या डायरीत, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि उरलेला डोक्यात असतो. मग बँकेत कर्ज मागायला किंवा निविदा भरायला गेलो की नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि मागील वर्षांची विवरणपत्रे मागितली जातात आणि आपण तिथेच अडतो.

यावर उपाय अवघड नाही. टॅली प्राइम, झोहो बुक्स किंवा मोबाइलवर चालणारे व्यापार यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर चालेल. ज्यात आपला सीए किंवा कर सल्लागार काम करतो, ते घेणे सोयीचे. टॅली शिकायचे असेल तर त्याची शैक्षणिक आवृत्ती मोफत मिळते. तिच्यात महिन्यातल्या ठरावीक तारखांच्याच नोंदी करता येतात, पण सरावाला तेवढे पुरे.

ठेकेदाराने पहिली गोष्ट ही करावी की प्रत्येक कामाचा हिशेब वेगळा ठेवावा. टॅलीत यासाठी 'कॉस्ट सेंटर' असते. एफ ११ दाबून ते सुरू करायचे आणि प्रत्येक साइटच्या नावाने एक सेंटर उघडायचे. सिमेंट, रंग, टेम्पोभाडे, मजुरी असा प्रत्येक खर्च त्या साइटवर टाकायचा. एका कामाचा नफा दुसऱ्या कामाचा तोटा कसा झाकत होता, ते मग लगेच दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे बिल आणि हाती आलेली रक्कम यांतला फरक. समजा, जीएसटी नोंदणी असलेल्या आपल्या एका भावाने सोसायटीचे रंगकाम ४,००,००० रुपयांना घेतले. १८ टक्के जीएसटी ७२,००० धरून बिल झाले ४,७२,०००. सोसायटीने १ टक्का टीडीएस म्हणून ४,००० कापले आणि ५ टक्के अनामत म्हणून २०,००० राखून ठेवले. बँकेत आले ४,४८,०००. यातले ७२,००० आपले नाहीत. साहित्यावर भरलेल्या जीएसटीची वजावट घेऊन उरलेले सरकारला भरायचे आहेत. उलट कापलेले २४,००० आपलेच आहेत, फक्त हातात नाहीत. म्हणून टीडीएस येणे आणि अनामत येणे अशी दोन स्वतंत्र खाती उघडावीत. टीडीएस २६एएसमध्ये दिसतो का ते तपासावे आणि अनामतीची मुदत संपताच पत्र द्यावे. वहीत नसलेली अनामत मागायचे राहून जाते.

सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी बंधनकारक होते. महिन्याची उलाढाल सॉफ्टवेअरमध्ये पाहत राहिलो, तर ही मर्यादा नकळत ओलांडली जात नाही.

तिसरी आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे मजुरांचा हिशेब. प्रत्येक कामगाराच्या नावाने खाते उघडा. त्यात हजेरीप्रमाणे मजुरी आणि घेतलेली उचल लिहा. म्हणजे शनिवारी पगार वाटताना वाद होत नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ज्या ठेकेदाराकडे हजेरीची नोंद आहे, तो हा दाखला निःशंकपणे देऊ शकतो. आपल्या माणसांना योजनांचा लाभ मिळत नाही अशी तक्रार करताना, ठेकेदार झालेल्या आपल्यांनी ही जबाबदारी टाळू नये.

रोज रात्री पंधरा मिनिटे नोंदीला द्या. बिलांचे फोटो जपा, आठवड्याला बॅकअप घ्या आणि घरखर्चाचे बँक खाते धंद्यापासून वेगळे ठेवा. सॉफ्टवेअर विकत घेतले आणि नोंदी तीन महिन्यांनी केल्या, तर डायरी परवडली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला होता. हिशेब हा त्यांनाही परका विषय नव्हता. आपल्या वस्त्यांत बी.कॉम. झालेली, टॅली शिकलेली मुले-मुली आहेत आणि हिशेबात अडलेले ठेकेदारही आहेत. विहारात रविवारचे दोन तास या दोघांना एकत्र बसवणे एवढे काम कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे, असे आम्ही सुचवतो.