नोकरीचे काय? : अपंगत्वानंतर कामावर परतताना

रुग्णास घरी सोडण्याचा दिवस ठरला की नातेवाईक औषधे, पथ्यपाणी आणि पुन्हा दाखवावयाची तारीख विचारून घेतात. नंतर, बहुधा दारापाशी थांबून, हळू आवाजात एक प्रश्न येतो : ‘नोकरीचे काय?’ अर्धांगवायूने उजवा हात दुबळा झालेला कारकून, मधुमेहामुळे पाय गमावलेला शिपाई, दृष्टी मंदावलेली शिक्षिका यांच्या घरी हा प्रश्न आजाराइतकाच मोठा असतो. पुष्कळ कुटुंबे त्याचे उत्तर घाईने देतात, असे आम्हांस दिसून येते. कार्यालयावर आपला भार नको, या संकोचापोटी राजीनामा लिहून दिला जातो. एकदा तो मंजूर झाला की पुढचे मार्ग फार अवघड होतात.

वांद्रे पूर्वेस शासकीय वसाहत आणि अनेक सरकारी कचेऱ्या असल्याने प्रथम त्या कर्मचाऱ्यांविषयी सांगतो. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कोणाही कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही वा पदावनत करता येत नाही, असे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम २० सांगते. जुने काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे. तसे पद रिकामे नसेल, तर ते मिळेपर्यंत अथवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे, अशी तरतूद आहे. (कामाचे स्वरूप पाहून शासन एखाद्या आस्थापनेस यातून सूट देऊ शकते.) १९९५ च्या जुन्या कायद्यातही हे संरक्षण होते. त्याच्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कुणाल सिंग या, पाय गमावलेल्या शिपायाच्या बाजूने निकाल दिला. रुग्णतेचे निवृत्तिवेतन मिळते, एवढ्या कारणाने हा हक्क नाकारता येत नाही, असेही त्यात स्पष्ट झाले.

खासगी नोकरीत कलम २० चे हे कवच नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मात्र खासगी आस्थापनेनेही समान संधीचे धोरण जाहीर करावयाचे असते. ते मागून घ्यावे आणि वाचावे.

कायद्यात ‘वाजवी सोय’ अशी कल्पना आहे. मालकावर अवाजवी बोजा न टाकता, त्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून केलेला आवश्यक बदल, असा तिचा अर्थ. नातेवाइकांना वाटते, यास मोठा खर्च येत असेल. प्रत्यक्षात आमचे व्यवसायोपचारतज्ज्ञ सुचवितात त्या गोष्टी बहुधा साध्या असतात : बसण्याची जागा तळमजल्यावर, मेजाची उंची थोडी अधिक, प्रसाधनगृहात धरावयास दांडा, संगणकावर मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली. मुंबईत सर्वांत उपयोगी बदल कदाचित वेळेचा असेल. सकाळच्या गर्दीत लोकलमध्ये चढणे धडधाकट माणसालाही कठीण. तासभर उशिरा येऊन तासभर उशिरा जाण्याची मुभा मिळाली, तर कुबडी घेतलेला माणूसही नोकरी टिकवू शकतो.

जन्मजात अपंगत्व असलेल्यांचा लढा नोकरी टिकविण्याचा नसून ती मिळविण्याचा असतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मालिनी चिब यांनी मुंबईत ऑक्सफर्ड बुकस्टोअरमध्ये कार्यक्रमांच्या आयोजनाचे काम केले आणि एका बोटाने टंकलेखन करीत आत्मचरित्र लिहिले. त्यांच्या मातोश्री डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेली, आज ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाणारी संस्था वांद्रे रेक्लमेशन येथेच आहे. श्रवणदोषासाठी १९८३ पासून कार्यरत असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्थाही त्याच परिसरात आहे. आपल्या दाराशी असलेल्या या संस्था अनेक रुग्णांना ठाऊक नसतात, याचे आम्हांस नवल वाटते.

तेव्हा आमची विनंती एवढीच, की कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी वैद्यकीय समाजसेवकांस भेटावे. येताना नियुक्तिपत्र, घरी सोडतेवेळचा सारांश आणि दिवसभराच्या कामाचे आपल्या शब्दांत केलेले टिपण आणावे. कोठे उभे राहावे लागते, किती जिने चढावे लागतात, काय उचलावे लागते, हे त्यात असावे. त्यावरून कोणते काम जमेल आणि कोणत्या सोयीने जमेल, हे नमूद करणारे पत्र कार्यालयासाठी तयार करता येते.