'कथित' म्हणजे नक्की काय? आणि आपलं 'म्हणे' कुठं गेलं?

आजचा भाग एका शब्दावर. बातम्यांत तो रोज दिसतो, पण कट्ट्यावर बोलताना कुणीच वापरत नाही. शब्द आहे 'कथित'. कथित घोटाळा, कथित मारहाण, कथित ऑडिओ क्लिप.

शब्द संस्कृतातला. 'कथ्' म्हणजे सांगणे. 'कथा' पण त्याच घरातली. म्हणजे कथित = सांगितलेलं. कुणीतरी सांगितलंय, पण अजून सिद्ध झालेलं नाही. गोष्ट खोटी आहे असं हा शब्द म्हणत नाही, आणि खरी आहे असंही म्हणत नाही. निकाल बाकी आहे, एवढंच.

त्याचा भाऊ 'तथाकथित' मात्र वेगळा. 'तथाकथित समाजसेवक' म्हटलं की त्यात टोमणा आला: लोक म्हणतात खरं, पण आम्हाला काय पटत नाही. त्यामुळे दोन्ही एकाच अर्थाने वापरू नका.

आता हा शब्द लावायचा कुठं? आपल्या कोल्हापूरचंच उदाहरण घ्या. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर इथं गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला त्यांचं निधन झालं. ही हत्या 'कथित' नाही, ती घडली. पण ती कुणी केली, हे ठरवायचं काम कोर्टाचं. म्हणून पोलिसांना ज्याच्यावर संशय तो 'संशयित', ज्याच्यावर आरोप ठेवला तो 'आरोपी', आणि कोर्टाने गुन्हा सिद्ध धरला की मगच 'दोषी'. आणि हो, 'कथित आरोपी' लिहायची गरज नाही. आरोपी या शब्दातच 'अजून सिद्ध नाही' हे आलं.

पण खरं सांगू का, आपल्या बोलीत यापेक्षा भारी शब्द आहे: 'म्हणे'. 'त्याला पुण्यात नोकरी लागली म्हणे.' दोन अक्षरांत आजी सांगून टाकते की हे मी बघितलेलं नाही, ऐकलंय. जबाबदारी कुठवर माझी, ते तिथंच स्पष्ट.

फॉरवर्ड मेसेजमध्ये नेमकं हेच 'म्हणे' गळून पडतं. 'मुलं पळवणारी टोळी आलीय म्हणे' चं 'टोळी आलीय, सावध राहा!' होतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसं होती, त्यांतली बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली. मुलं पळवायला कुणी आलंच नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा जाहीर केली. पण मर्यादा आकड्याला बसली, खात्रीला नाही.

आपल्याकडं पावसाळ्यात ग्रुपवर काय चालतं, तुम्हाला माहीत आहेच. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडणं वेगळं आणि धरण फुटणं वेगळं. दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, ते त्यांचं कामच आहे. पंचगंगेचं पाणी किती, हे राजाराम बंधाऱ्यावर मोजतात: ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. आकडा आणि वेळ नसलेला मेसेज म्हणजे 'कथित' पूर.

म्हणून पाठवण्याआधी तीनच प्रश्न विचारा. कुणी बघितलं? कधीचं आहे? प्रशासन किंवा पोलीस काय म्हणतात? उत्तर नसेल तर मेसेज तुमच्यापाशीच थांबू द्या. आणि एक लक्षात ठेवा, पुढं 'कथित' चिकटवून कुणाचंही नाव बदनाम करायची मोकळीक मिळत नाही. पसरवणारे शेवटी आपणच असतो.

तुमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त फिरलेलं 'म्हणे' कोणतं? आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!