ऑइल फिल्टर: कागद की कृत्रिम धागा?

कुंभकोणमची डिग्री कॉफी पितळी फिल्टरमधून थेंबाथेंबाने उतरते. छिद्रं मोठी असली तर चोथा खाली येतो, फार बारीक असली तर काढा उतरतच नाही. गाडीच्या ऑइल फिल्टरपुढे हाच पेच असतो.

साध्या फिल्टरमध्ये सेल्युलोजचा घडीदार कागद असतो. महागड्यात काचतंतू किंवा पॉलिस्टर. हे धागे बारीक आणि एकसारखे, म्हणून लहान कण अडतात, तरी तेलाची वाट मोकळी राहते आणि घाणही जास्त मावते. कागद आणि कृत्रिम धागा यांच्या मिश्रणाचेही फिल्टर मिळतात. खोक्यावरचा मायक्रॉनचा नुसता आकडा मात्र फसवा. '20 मायक्रॉन' म्हणजे त्या आकाराचे 50 टक्के कण अडतात की 99? आयएसओ 4548-12 या चाचणीत नेमकं हेच मोजतात. इंजिन बंद असताना तेल धरून ठेवणारी झडपही पाहा. सिलिकॉनची झडप उष्णतेत नायट्राइल रबरापेक्षा जास्त टिकते.

माझं मत स्पष्ट आहे. तेल वेळेवर बदलत असाल, तर गाडीच्या कंपनीने सांगितलेला कागदी फिल्टर पुरेसा आहे. दोन बदलांमधलं अंतर मोठं असेल, तरच कृत्रिम धाग्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात. आणि प्रत्येक वेळी तेलाबरोबर फिल्टरही बदला.