कळसूबाईचा चढ, रेषेचा चढ

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर! वर जाताना स्वेटर न्यायचा का? भूमितीलाच विचारू या.

दर किलोमीटर उंचीला हवा सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने थंड होते. समजा, समुद्रसपाटीला ३० अंश आहेत; मग एक किलोमीटरवर २३.५. उंची क्ष, तापमान य. आलेखावर (०, ३०) आणि (१, २३.५) हे बिंदू जोडा.

चढ = (२३.५ − ३०) ÷ (१ − ०) = −६.५

उणे का? आपण चढतो, पण रेषा उतरते!

समीकरण झालं: य = −६.५क्ष + ३०

क्षच्या जागी १.६४६ घाला. य येतो सुमारे १९.३. शिखरावरचा बोचरा वारा मात्र या समीकरणात नाही. तेव्हा स्वेटर घ्याच!