विश्लेषण : कामाचा ताण साहेबाला जास्त, की शिपायाला?

जबाबदारी वाढली की ताण वाढतो आणि त्याचा फटका हृदयाला बसतो, असा सर्वसाधारण समज आहे. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घकालीन अभ्यासांनी मात्र वेगळेच चित्र समोर आणले.

काय आहे व्हाइटहॉल अभ्यास?

ब्रिटिश सरकारची मंत्रालये असलेल्या व्हाइटहॉल भागाचे नाव या अभ्यासाला मिळाले. १९६७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात सुमारे १८ हजार पुरुष कर्मचारी होते. निरोपे, द्वारपाल अशा सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांचा मृत्युदर उच्चपदस्थांच्या सुमारे तिप्पट निघाला. फरक केवळ दोन टोकांत नव्हता. पायरी खाली गेली, तसा धोका वाढत गेला. धूम्रपान, रक्तदाब लक्षात घेऊनही हा फरक पूर्णपणे उलगडत नव्हता.

मग कारण काय?

१९८५ मध्ये मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात १०,३०८ स्त्री-पुरुष सहभागी झाले. आपल्या कामाबाबत निर्णय घेण्याची मुभा ज्यांना कमी होती, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका अधिक असल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले.

ताणाचे सूत्र कोणते?

रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये ते मांडले होते. कामाचा रेटा मोठा आणि स्वतःच्या हाती काहीच नाही, ही स्थिती सर्वाधिक घातक. रेटा तेवढाच, पण काम कसे करायचे हे ठरवता येत असेल, तर तेच काम माणसाला शिकवते, पुढे नेते.

हे निष्कर्ष अंतिम आहेत का?

नाही. खालच्या पदावरील व्यक्तीचे उत्पन्न, घर, बालपण यांचाही आरोग्यावर परिणाम होतो. त्यामुळे सारा दोष अधिकारांच्या अभावाला देता येत नाही.

कर्मचाऱ्याच्या हाती काय?

एमी रेझनेस्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये ‘जॉब क्राफ्टिंग’ ही संकल्पना मांडली. रुग्णालयातील काही सफाई कर्मचारी रुग्णांशी बोलत, त्यांची विचारपूस करत आणि आपले काम उपचारांचाच भाग मानत. पद तेच, पण कामाचा अर्थ त्यांनी स्वतः घडवला होता. अर्थात, अपुरे मनुष्यबळ आणि अवाजवी उद्दिष्टे यांवर हा उतारा नव्हे. ती जबाबदारी व्यवस्थापनाचीच.

म्हणूनच नवी नोकरी किंवा बढती स्वीकारताना पगाराच्या आकड्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हवा : जबाबदारी वाढेल, पण त्यासोबत निर्णयाचा अधिकारही मिळेल का?