गुग्गुळ : रुग्णाचे आरोग्य आणि संग्राहकाचे दारिद्र्य

योगराज, कैशोर, कांचनार, त्रिफळा, गोक्षुरादी, सिंहनाद. यांपैकी एखादा तरी गुग्गुळकल्प ज्यात नाही असे औषधपत्र आपण आठवड्यातून किती वेळा लिहितो? आमवात, संधिगत वात, मेदोरोग, ग्रंथी, व्रण अशा अनेक व्याधींत गुग्गुळावाचून आपले चालत नाही. त्याचे गुणकर्म, शोधनविधी, अनुपान आपणांस मुखोद्गत असते. नवा गुग्गुळ बृंहण व जुना लेखन, हा भावप्रकाशातील भेद आपण विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. परंतु हे द्रव्य कोणत्या भूमीतून येते, कोणाच्या हातांनी येते आणि ते काढून घेतल्यावर मागे काय उरते, याचा विचार आपल्या व्यवसायात क्वचितच होतो. प्रस्तुत लेखाचा हेतू तो विचार वैद्यबंधू-भगिनींपुढे आणि औषधनिर्मात्यांपुढे ठेवणे एवढाच आहे.

निमित्त माझ्याच औषधशाळेत घडले. दवाखान्यापुरते कल्प मी गेली अनेक वर्षे स्वतः तयार करतो. मध्यंतरी आणलेले गुग्गुळाचे एक पोते त्रिफळाक्वाथात शोधनास घातले. वस्त्रगाळ केल्यावर फडक्यात सालीचे तुकडे, वाळू आणि न विरघळणारा परका डिंक इतका उरला, की त्या दिवशीचे काम थांबवावे लागले. व्यापाऱ्यास विचारले, "माल कुठला?" तो शांतपणे म्हणाला, "कच्छचा म्हणा, बाडमेरचा म्हणा, नाहीतर सीमेपलीकडचा म्हणा. मिळतोय हेच नशीब समजा, डॉक्टरसाहेब." त्या उत्तराचा राग आला खरा. पण पंधरा वर्षांत हा प्रश्न मी प्रथमच विचारत होतो, हेही त्याच वेळी लक्षात आले.

झुडपाची ओळख

गुग्गुळाचे झुडूप (कॉमिफोरा वायटी, जुन्या ग्रंथांत कॉमिफोरा मुकुल) हे जांगल देशाचे अपत्य आहे. राजस्थान, कच्छ-सौराष्ट्र आणि पाकिस्तानातील सिंधचा शुष्क भाग हे त्याचे प्रमुख वसतिस्थान. काटेरी फांद्या, कागदासारखी सुटणारी साल, वर्षातील बराच काळ पर्णहीन असा त्याचा देह. खडकाळ उतारावर, अत्यल्प पावसात ते तग धरते. परंतु वाढते फार सावकाश. चीक काढण्याजोगे होण्यास त्याला साधारणतः आठ ते दहा वर्षे लागतात. त्याची प्रजननक्षमताही मर्यादित आहे. नैसर्गिक अवस्थेत बहुतांश झुडपे मादी आढळतात, नर विरळा असतो. बीज पुष्कळदा परागीकरणावाचूनच तयार होते आणि त्याची उगवण कमी असते. म्हणजेच एकदा नष्ट झालेली गुग्गुळाची झाडी आपोआप भरून निघेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

या वनस्पतीवरचा भार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढला. सुश्रुतोक्त मेदोरोगचिकित्सेचा धागा धरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात केलेला प्रबंध १९६६ सालचा. त्यानंतर रक्तातील स्निग्धांशावर गुग्गुळाचे संशोधन देशोदेशी सुरू झाले आणि त्याच्या अर्काच्या गोळ्या पाश्चात्त्य बाजारांतही पोहोचल्या. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चिकित्सालयीन परीक्षणात अपेक्षित लाभ दिसला नाही, तो वाद वेगळा. पण कीर्ती वाढली तेव्हा मागणी वाढली, आणि त्या मागणीसाठी शेत कोणीच लावलेले नव्हते. सारा भार रानातील झुडपांवर पडला. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने २०१५ साली गुग्गुळाची नोंद अतिसंकटग्रस्त या वर्गात केली. वन्य अवस्थेतून नामशेष होण्याच्या अलीकडची ही शेवटची पायरी होय.

चिरा आणि मोरचूद

परंपरेने थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत जाड फांद्यांवर उथळ चिरा देत व पाझरलेला निर्यास सुकला की गोळा करीत. चीर उथळ असली, संख्या मोजकी असली आणि झुडपास विश्रांती मिळाली, तर ते जगते. परंतु हाती येणारा चीक अल्प असतो. तो वाढविण्यासाठी खोल घाव घालून त्यात जनावरांचे मूत्र, मोरचूद आणि खुद्द गुग्गुळ यांचा लेप भरण्याची रीत पसरली. क्षोभामुळे झुडूप मोठ्या प्रमाणात निर्यास सोडते आणि बहुधा त्याच हंगामात किंवा पुढच्या वर्षी वाळून जाते. वैद्याच्या भाषेत सांगायचे, तर हे रक्तमोक्षण नव्हे. मर्मावरचा आघात आहे.

सुधारित पद्धती उपलब्ध नाहीत असे नाही. विशिष्ट पात्याने मर्यादित चीर देणे व एथेफॉनसारखे उत्तेजक अल्प मात्रेत वापरणे यांवर आपल्याकडे काही दशके संशोधन झालेले आहे. मग चीक काढणारा मोरचुदाचीच वाट का धरतो? तो अज्ञानी आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुस्थिती तशी नाही. हे झुडूप मरणार, हे त्याला आपल्याहून अधिक ठाऊक असते.

दारिद्र्याचे गणित

चीक काढणारा माणूस प्रायः भूमिहीन किंवा पशुपालक असतो. ज्या पडीक किंवा वनजमिनीवर झुडपे उभी आहेत, तिच्यावर त्याचा हक्क नसतो. आज त्याने चीर उथळ ठेवली तर उद्या दुसरा येऊन खोल घाव घालणार, हे त्याला दिसते. गावच्या दुकानदाराची किंवा दलालाची उचल त्याच्या डोक्यावर असते आणि ती फेडण्याचा हंगाम तीन-चार महिन्यांचाच. अशा माणसाला 'पाच वर्षे धीर धर, झुडूप जगेल' हा उपदेश म्हणजे उपाशी रुग्णाला लंघन सांगण्यासारखे आहे.

सीमेपलीकडील थारपारकर जिल्ह्याचे उदाहरण बोलके आहे. तेथील नगरपारकरच्या डोंगराळ भागात गुग्गुळाची मोठी झाडी होती आणि लेप भरून चीक काढण्याचे लोणही तेथे पोहोचले. हाच जिल्हा २०१४ साली अवर्षण आणि कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे जगाच्या वृत्तपत्रांत आला होता. ज्या भूमीतून आपल्या रुग्णांच्या मेदोरोगाचे औषध येत होते, त्या भूमीतील बालके अन्नावाचून कृश होत होती. यापेक्षा स्पष्ट शब्दांत आरोग्य, दारिद्र्य आणि निसर्गसंपत्ती यांचा संबंध सांगता येणार नाही. अशीच कथा इथिओपियात लोबान देणाऱ्या वृक्षांची आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने तेथील उत्पादन येत्या वीस वर्षांत निम्म्यावर येईल, असा इशारा दिलेला आहे.

भारताच्या गुग्गुळाच्या गरजेचा मोठा भाग आयातीवर अवलंबून राहिला, कारण आपल्याकडील झाडी आपण आधीच विरळ करून टाकली होती. २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातशुल्क लागले आणि २ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने तेथून होणाऱ्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष आयातीवर बंदी घातली. त्या निर्णयाची कारणे वेगळी आहेत व ती येथे चर्चेचा विषय नाहीत. आपल्यापुरता प्रश्न असा की, मागणी तीच राहिली तर हा भार आता कच्छ-राजस्थानातील उरल्यासुरल्या झुडपांवर पडणार नाही काय? आणि भेसळीचे प्रमाण वाढणार नाही काय?

आपल्या औषधपत्राचा भार

एक साधा हिशेब मांडून पाहू. २५० मिलिग्रॅमच्या दोन वटी दिवसातून तीन वेळा, म्हणजे रोज दीड ग्रॅम. त्यात गुग्गुळ निम्मा धरला तर पाऊण ग्रॅम. तीन महिन्यांच्या चिकित्सेत एका रुग्णास सुमारे ६७ ग्रॅम शुद्ध गुग्गुळ लागतो. एका झुडपापासून हंगामात साधारण २०० ते ५०० ग्रॅम निर्यास मिळतो. म्हणजे शोधनातील घट न धरताही तीन ते सात रुग्णांमागे एक झुडूप. ते झुडूप त्या हंगामात मेले, तर तेवढ्या रुग्णांसाठी दहा वर्षांचे आयुष्य खर्ची पडले. हा हिशेब समोर ठेवून आपण आपलीच गेल्या महिन्याची औषधपत्रे चाळावीत. त्यांतील किती ठिकाणी गुग्गुळ अनिवार्य होता आणि किती ठिकाणी तो केवळ सवयीने लिहिला गेला, हे ज्याचे त्याला कळेल.

आचार्यांची दृष्टी

हा विचार आपल्या शास्त्रास परका नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की, औषधींची नावे व रूपे शेळ्या-मेंढ्या राखणारे, गोपालक आणि वनवासी जाणतात. म्हणजे द्रव्यज्ञानाच्या परंपरेत संग्राहकाचे स्थान आरंभापासून मान्य आहे. आपण मात्र त्याला व्यापाऱ्याच्या पाठीमागे अदृश्य करून टाकले.

विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय याहून महत्त्वाचा. कांपिल्य नगरीत गंगातीरी फिरताना भगवान पुनर्वसू अग्निवेशास सांगतात की, भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी संग्रहित करा; नंतर त्यांत रस-वीर्य राहणार नाही. वायू, जल, देश व काल यांच्या वैगुण्याचे मूळ ते अधर्मात पाहतात. तो अधर्म सत्ताधाऱ्यांपासून सुरू होतो आणि व्यवहारावर उपजीविका करणारे लोक तो वाढवतात, असेही तेथे म्हटले आहे. औषधशाळा चालविणाऱ्या आपणां सर्वांना हे वचन लागू पडते.

उपाय कोणते?

१. उगम विचारावा. खरेदीच्या वेळी माल कोणत्या जिल्ह्यातील, रानातील की लागवडीतील, हे पावतीवर लेखी मागावे. २०२३ च्या जैवविविधता (सुधारणा) कायद्याने नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना आणि लागवडीच्या औषधी वनस्पतींना बऱ्याच बंधनांतून सूट दिली आहे. ही सूट कायद्याची आहे. नैतिक दायित्वातून ती सुटका करीत नाही.

२. लागवडीच्या गुग्गुळास अधिक भाव द्यावा. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या फांद्यांच्या कलमांपासून गुग्गुळाची रोपे होतात. परंतु आठ-दहा वर्षे वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यास खरेदीची हमी हवी. ती एकटा वैद्य देऊ शकत नाही, संघटना देऊ शकते. जिल्हा शाखांनी एकत्रित खरेदीचा करार करावा.

३. युक्तिपूर्वक वापर करावा. जेथे शल्लकी, निर्गुंडी, रास्ना, एरंड किंवा केवळ आहार-विहार पुरेसा आहे, तेथे गुग्गुळ राखून ठेवावा. मात्र शल्लकीही रानातूनच येते, याचे भान ठेवावे. एका झाडाचा भार दुसऱ्यावर लोटणे म्हणजे उपाय नव्हे.

४. संग्राहकाशी थेट नाते जोडावे. याचे उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. भीमाशंकर परिसरात स्थानिक संग्राहकांनी गोळा केलेल्या हिरडा-बेहड्यास, पुण्यातील एका पर्यावरण संस्थेच्या प्रयत्नांतून, गेल्या दशकात फेअरवाइल्ड हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. झाड तोडून एकदाच मिळणाऱ्या पैशापेक्षा फळांचा दरवर्षीचा रास्त भाव मोठा ठरला, म्हणून झाड उभे राहिले. झाडावर हक्क आणि फळाला भाव, या दोन गोष्टी मिळाल्या की गरीब माणूसच उत्तम वनरक्षक होतो.

यावर आक्षेप येईल की, कच्चा माल महागला तर औषध महागेल आणि आपला गरीब रुग्ण ते कसे घेईल? आक्षेप खरा आहे; माझ्या दवाखान्यात येणारे निम्मे रुग्ण शेतमजूर आहेत. परंतु एका गरिबाचे औषध स्वस्त राहावे म्हणून दुसऱ्या गरिबाने आपली उद्याची भाकर आज जाळावी, ही व्यवस्था फार काळ टिकणारी नाही. झुडूप संपले की औषध स्वस्तही राहणार नाही आणि महागही राहणार नाही. ते राहणारच नाही. तोपर्यंत त्याच्या नावाने विकला जाणारा परका डिंक मात्र राहील, आणि त्याचे अपयश आयुर्वेदाच्या माथी लागेल.

त्या दिवशी फडक्यात उरलेली वाळू मी एका बाटलीत भरून औषधशाळेतील फळीवर ठेवली आहे. नवे पोते आले की आता प्रथम तिच्याकडे पाहतो आणि मग व्यापाऱ्यास विचारतो, माल कुठला? समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही. परंतु हाच प्रश्न जिल्ह्यातील सर्व वैद्य व औषधनिर्माते एका आवाजात विचारू लागले, तर व्यापाऱ्यास उत्तर शोधावेच लागेल. इत्यलम्.