विमान थकले, हे कसे ओळखावे?

मार्कंडा येथील दगडी देवळे शेकडो वर्षे वैनगंगेच्या काठी उभी आहेत. दगड झिजतात, सांधे सुटतात. पण भिंत कलली तर तिला टेकू देता येतो. उडणाऱ्या वस्तूला ही सवलत नाही. म्हणून शाळेत रेडिओवर चालणारे नमुना विमान असेल, तर त्याचे उड्डाण कधी बंद करायचे हे ते जमिनीवर असतानाच ठरवावे लागते.

धोका किती, हे गणिताने पाहू. दीड किलोग्रॅम वजनाचे विमान सेकंदाला 15 मीटर वेगाने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे 169 ज्यूल भरते. तेवढ्याच वजनाचा दगड साडेअकरा मीटरांवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून पडला, तर त्याचा आघात एवढाच असेल. हे खेळणे नव्हे.

विमानाचे वय केवळ वर्षांत मोजणे फसवे असते. विद्यार्थ्यांना बांधकामाच्या तारेचे सारखे तुकडे द्या. एक तुकडा काटकोनात, दुसरा त्याच्या निम्म्या कोनात वाकवून पुन्हा सरळ करायला सांगा आणि तुटेपर्यंतच्या फेऱ्या मोजा. कमी वाकवलेली तार जास्त फेऱ्या टिकते. पण शेवटी तीही तुटते, आणि तुटण्याच्या जरा आधीपर्यंत धडधाकट दिसते. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

1954 साली ‘कॉमेट’ जातीची दोन प्रवासी विमाने हवेतच फुटली. तेव्हा त्याच जातीचे एक विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर पुन्हा पुन्हा दाब दिला गेला. एकूण सुमारे 3,000 फेऱ्यांनंतर त्याचा सांगाडा फाटला. तेव्हापासून विमानाचे आयुष्य तास आणि फेऱ्यांत मोजण्याला महत्त्व आले. नाशिकजवळच्या ओझरला ज्यांची बांधणी होत असे, ती मिग-21 जातीची विमाने 1963 पासून हवाई दलात होती. दुरुस्त्या आणि सुधारणा करून त्यांचे आयुष्य वाढवले गेले. तरी 26 सप्टेंबर 2025 रोजी त्यांना निरोप द्यावाच लागला.

नमुना विमानात तीन ठिकाणी पाहावे. पहिले, सांगाडा. बाल्सा हे आपल्या काटेसावरीच्या कुळातले झाड. त्याचे लाकूड आलापल्लीच्या सागवानाच्या सुमारे चौथाई वजनाचे असते. 60 अंश कलून घेतलेल्या वळणात पंखांवर वजनाच्या दुप्पट भार येतो. पंख हलकेच वाकवून कान द्या. करकर ऐकू आली किंवा एक बाजू जास्त लवली, तर डिंकाचा सांधा सुटला असे समजावे. पावसाळ्यातील दमटपणा सांधे सैल करतो.

दुसरे, बॅटरी. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. अशा उष्णतेत लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. क्षमता मूळच्या 80 टक्क्यांखाली गेली की ती बदलावी. फुगलेली बॅटरी त्याच दिवशी बाद करावी. तिला टोचू नये, जाळू नये.

तिसरे, नियंत्रण. सुकाणू थरथरत असेल, किंवा उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावरून रेडिओचा संकेत तुटत असेल, तर दोष सापडेपर्यंत उड्डाण नाही.

प्रत्येक विमानाची वही ठेवा: उड्डाणे, आदळणे, दुरुस्त्या. बाद करण्याचे नियम पहिल्या उड्डाणापूर्वीच पहिल्या पानावर लिहा. उदाहरणार्थ, पंखाची मुख्य दांडी दुसऱ्यांदा मोडली की विमान बाद. तपासणी विमान बनवणाऱ्या मुलाने नव्हे, दुसऱ्याने करावी. ज्याने रात्री जागून पंख चिकटवले, त्याला भेग दिसत नाही. दिसली तरी ‘आणखी एकदाच’ असे वाटते. अपघात अशा ‘एकदाच’मध्ये दडलेला असतो. आणि विमान कितीही नवे असले, तरी महाशिवरात्रीच्या जत्रेवरून ते कधीही उडवू नये.

बाद झालेले विमान फेकू नका. बॅटरी काढून ते प्रयोगशाळेत टांगा आणि शेजारी त्याची वही ठेवा. उडताना त्याने जेवढे शिकवले, त्याहून अधिक ते तिथे शिकवील.